पेंटरच्या थोरलीने खरवडलेला बोर्ड

"जवळ येऊन बघा."

हे तिचं ठरलेलं बोलणं. कुणी कौतुक केलं तरी तेच, कुणी नावं ठेवली तरी तेच. पेंटरची थोरली हे आवाज चढवून म्हणत नसे. दार उघडून बाजूला उभं राहावं, तसं म्हणायची. आत यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तिच्या बापाचं बोलणं याच्या अगदी उलट. "बोर्ड लांबून वाचता आला पाहिजे," असं पेंटर म्हणायचा. एक अक्षर काढायचा, शिडी उतरायचा, रस्ता ओलांडून समोरच्या सलूनच्या पायरीवर उभा राहायचा आणि डोळे बारीक करून आपलंच अक्षर बघायचा. मग परत वर. सलूनवाले काका म्हणायचे, "पेंटर, तुम्ही रंगवता कमी आणि रस्ता ओलांडता जास्त." पण गावातली निम्मी दुकानं त्याच्या हातानं बोलत होती, आणि ते काकांनाही मान्य होतं, कारण सलूनचा बोर्डही त्याचाच होता.

पेंटरचा एक नियम होता. दुकानाचं शटर उघडल्याशिवाय तो नाव लिहीत नसे. आधी बोर्ड करून घेणारे आणि नंतर दुकानच न उघडणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. "पट्ट्या ओढून ठेवतो, कडा रंगवून ठेवतो. नाव सगळ्यात शेवटी," असं तो सांगायचा. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो हाकलूनही द्यायचा.

थोरली त्या शिडीखाली वाढली. रंगाचे डबे ढवळणं हाच तिचा खेळ. तांबडा उन्हात आधी का विटतो? काळा का टिकतो? ऑइलपेंटवर साय का धरते? बाप म्हणायचा, "विटतो म्हणून तर पुन्हा काम मिळतं. गप्प ढवळ." ती ढवळायची, पण गप्प बसायची नाही. त्या प्रश्नांच्या मागे चालत चालत ती रसायनशास्त्रापर्यंत पोचली. शिकता शिकता बापाचं कामही करू लागली. एकदा एक ट्रकमालक तिच्या हातात ब्रश बघून बिचकला.

"पोरगी लिहिणार? माझ्या गाडीवर?"

"जवळ येऊन बघा," ती म्हणाली.

तो वाकला, तिने रंगवलेल्या पाटीवरून बोट फिरवलं आणि निघून गेला. पुढची गाडी आणली तेव्हा पेंटरला म्हणाला, "तुम्ही बसा निवांत. तिला पाठवा." दुसऱ्या एखाद्या बापाला झोंबलं असतं. पेंटर कितीतरी दिवस छाती काढून चालत होता.

गावातल्या कॉलेजात सुरुवातीची वर्षं झाली. पुढचं तिथे नव्हतं, म्हणून विद्यापीठ बदलणं भाग पडलं. तिने दोन ठिकाणी अर्ज केले आणि दोन्हीकडून होकार आला. एकाचं नाव असं होतं, की ऐकणारा खुर्चीत सरळ होऊन बसावा. दुसऱ्याचं नाव सांगितलं की लोक विचारत, "ते कुठे आलं?" मोठ्याची फी भरायची तर दुकान गहाण टाकावं लागणार होतं. दुसऱ्याची फी पाट्या रंगवून निघाली असती.

"मी दोन्ही बघून येते, मग सांगते," असं म्हणून ती पिशवी घेऊन निघाली.

ती बसमध्ये बसली आणि इकडे मामा आला. मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. बोलण्यात कुणाला हार न जाणारा. "बघायचं काय त्यात? दाजी, सोन्याला कुणी चावून बघतं का?" पेंटर हसला. रात्रभर तळमळला असेल. सकाळी त्याने शिडी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. तोही स्वतःच्याच बोर्डावर. दुकानाच्या नावावर पांढऱ्याचे हात मारले आणि ते वाळल्यावर लेकीचं नाव लिहिलं. त्याखाली मोठ्या विद्यापीठाचं नाव त्याच्या चिन्हासकट, सोनेरी रंगात, खाली सावली देऊन. एवढं देखणं काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. लोक थांबून वाचू लागले. सलूनवाल्या काकांनी गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून पेंटरला मिठी मारली.

थोरली तिकडे काय बघत होती, ते तिने नंतर सांगितलं. मोठ्या विद्यापीठात एका तरुणाने तिला प्रयोगशाळा दाखवली. काचेतून. आत लखलखती यंत्रं होती.

"आम्हाला आत कधी जायला मिळतं?"

"पुढची पदवी घेताना," तो अभिमानाने म्हणाला.

"आणि माझे झालेले विषय?"

"तुमच्या कॉलेजचे आम्ही धरत नाही. एक वर्ष पुन्हा करावं लागेल. पण नाव कुणाचं लागतंय, ते बघा ना!"

दुसरीकडे इमारती बुटक्या, भिंतीचे पोपडे निघालेले. प्रयोगशाळेचं दार सताड उघडं. आतल्या बाईंनी ती कोण, कुठली, हेही विचारलं नाही. "रिकामी का उभी? ती बाटली दे इकडे. अगं, अशी नाही, लेबल तळहाताकडे! ओघळ आला की लेबल जातं मग." थोरली तिथे संध्याकाळपर्यंत राहिली. तिच्याच वर्षाची मुलं तिथे हातांवर डाग घेऊन काम करत होती, आणि बाई सगळ्यांवर सारख्याच ओरडत होत्या. तिचे सगळे विषय तिथे धरले जाणार होते. निघताना तिने होकार देऊन टाकला.

बसमधून उतरली आणि कोपऱ्यावरूनच तिला बोर्ड दिसला. बापाचं काम. लांबून वाचता येत होतं.

घरात पेढ्यांचा पुडा उघडा होता. मामा पाय पसरून बसला होता. तिने उभ्या उभ्याच सांगितलं, "मी दुसरीकडे नाव घालून आले."

"डोकं फिरलं का हिचं!" मामा उठला. "जगात नाव लागतं गं, नाव!"

"नाव रंगवणाऱ्यांचंच घर आहे हे, मामा. नाव किती रंगात लिहून होतं ते मला नका सांगू."

"अगं, लोकांनी वाचलाय बोर्ड," आई हळूच म्हणाली. "आता यांनी कुठे तोंड दाखवायचं?"

थोरली बापाकडे वळली. तो कोपऱ्यात ब्रश पुसत बसला होता. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

"बाबा, तुम्ही दुकान देणार, वर एक वर्ष वाया, आणि मी काचेबाहेर उभी राहणार. मला ते परवडत नाही. तुम्हाला परवडलं तरी मला परवडत नाही."

"रंग तर वाळला," एवढंच पेंटर म्हणाला.

सकाळी लोक कामाला निघाले, तेव्हा बोर्डाला शिडी लागलेली होती आणि वर थोरली होती. तिने आडोसा केला नाही की लोक पांगायची वाट पाहिली नाही. हातात पत्र्याची पट्टी घेऊन ती सोनेरी अक्षरं खरवडत होती. खाली गर्दी जमली.

"हे काय गं?" सलूनवाले काका ओरडले. "ॲडमिशन रद्द झाली की काय?"

"मी रद्द केली, काका."

"आणि मग बापाचं नाक?"

"जवळ येऊन बघा, आहे जागेवर."

लोक हसले. मामा मात्र खालून म्हणाला, "हस, हस. उद्या विद्यापीठाचं नाव सांगताना लाज वाटेल, तेव्हा मी आठवेन तुला."

"तेव्हा काय, आत्ता सांगते की!" आणि तिने ते नाव शिडीवरून असं मोठ्याने सांगितलं, की सलूनमधलं साबण लावलेलं गिऱ्हाईकही बाहेर आलं. "कुणी ऐकलं नसेल तर पुन्हा सांगते."

तेवढ्यात शिडी हलली. पेंटर वर चढत होता. त्याने तिच्या हातातली पट्टी काढून घेतली. आता उतरवतो तिला, असंच सगळ्यांना वाटलं.

"उभी धरलीस तर पत्र्यावर ओरखडे पडतात," तो म्हणाला. "आडवी धर. अशी." आणि स्वतःच्या हाताने स्वतःची सोनेरी सावली त्याने सोलून काढली. चेहरा दगडासारखा होता. त्याला पटलं होतं असं मी म्हणणार नाही. पण खोटा बोर्ड त्याच्या दुकानावर राहणार नव्हता.

पांढरा लागून वाळेपर्यंत तिची निघायची वेळ आली. पेंटर शिडीवर होता. "मग त्या दुसऱ्याचं नाव सांग," तो खाली न बघता म्हणाला. "तेच लिहितो."

"शटर कुठे उघडलंय अजून, बाबा? दुकानाचं लिहा. तेच खरं आहे."

तिने आईच्या पाया पडून पिशवी उचलली. मामा दारात आला नाही. ती रस्त्याच्या मधून चालू लागली. बोटांच्या पेरांत सोनेरी रंग अडकला होता, तो तिने काढला नव्हता. पेंटरने दुकानाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, शिडी उतरला आणि सवयीने रस्ता ओलांडून सलूनच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. काका शेजारी सरकले. बोर्डाकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. डोळे बारीक करून तो रस्त्याकडेच बघत राहिला, ती लांबून दिसेनाशी होईपर्यंत.