हिरवा पट्टा आणि एकोणीस पायऱ्या

डांगच्या जंगलातल्या एका वाटेला ‘सोपी’ हा दर्जा मी दिला होता, आणि तो पाटीवर रंगवलेला बघायला मला जायचं होतं. प्रवासाचं कारण एवढंच, आणि एवढं फुशारकीचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सुरतेत एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. रविवारी आमचं एक भटकं टोळकं निघायचं: बँकेतले दोघे, शाळेतले तिघे, मी, आणि कापडाच्या धंद्यातला एकटा निंबा आप्पा.

जंगल खात्याच्या तिथल्या साहेबांना जुन्या पायवाटा फिरायला येणाऱ्यांसाठी खुल्या करायच्या होत्या. कुठली वाट कुणी चढावी, हे ठरवून द्यायला त्यांनी आमच्या टोळक्याला सांगितलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं. नमुना कुणाकडेच नव्हता, म्हणून नियमही मीच केले. समोरासमोर आलेली दोन माणसं अंग न चोरता जाऊ शकतील एवढी रुंदी. शंभर पावलांत चढ किती. पायाखाली माती की गोटे. बसायची जागा किती अंतरावर. आप्पाला रजा नव्हती, पण बाकी आम्ही टेप आणि चढ जोखायला पाण्याची नळी घेऊन दोन दिवस मोजमाप केलं, मी चढाची सरासरी काढली आणि वाटांना तीन दर्जे दिले: सोपी, मध्यम, कठीण. सोपीला हिरवा पट्टा. ज्या वाटेबद्दल लिहितोय तिची सरासरी इतकी सुरेख आली की मी तो आकडा दोनदा अधोरेखित केला.

टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही जाल, आणि तुमच्यामागून वेफरची पाकिटं जातील.

पाटी लागल्याचा निरोप आला तेव्हा थंडी सुरू झाली होती. बँकवाल्यांच्या घरी लग्न, शाळावाल्यांच्या परीक्षा. उरलो मी आणि आप्पा. चहा पिता पिता मी आप्पाला म्हणालो, “या खेपेला वहिनींनाही आणा. सोपी वाट आहे, मीच मोजलीय.”

आप्पा धुळ्याकडचा. लिंबायतमध्ये राहायचा आणि जवळच्याच एका कारखान्यात ताके तपासायचा. मागावरून उतरलेलं कापड उजेडासमोरच्या तिरप्या फळीवरून ओढत न्यायचं, दोष शोधायचा आणि ताका पहिल्या नंबरचा की दुसऱ्या, हे सांगायचं, हे त्याचं काम. बोलणं कमी, नजर मात्र कुणाला न सोडणारी. त्याची बायको सखुबाई. लहानपणीच्या आजाराने तिचा डावा पाय बारीक राहिलेला. ती आमच्यासोबत कधीच आली नव्हती.

रविवारी पहाटे सुरत स्टेशनवर ती भेटली ती नवी साडी नेसून, डोक्यात अबोली माळून. मी म्हटलं, “वहिनी, आज थाट आहे!”

“मंग काय भाऊ. जत्राले दर टाइमले समदा गडवर जातस, मी खाले चपला सांभायस. यंदा चपला कोन्ही बी सांभाया.”

हसलो आम्ही. पण तिने ते गमतीने म्हटलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

सुरतेहून बिलिमोऱ्याला पॅसेंजरने उतरा आणि तिथून वाघईची छोटी गाडी पकडा. बसने लवकर पोचाल, पण काय मिळवाल? रुळांतलं अंतर निम्म्याहून कमी, डबे खेळण्यातल्यासारखे, आणि चाल अशी की खिडकीतून हात बाहेर काढून बाजूच्या झाडाचं पान तोडता येईल. तिकीट इतकं स्वस्त की तिकीट काढताना उगीच ओशाळायला होतं. एका स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली तेव्हा मी गार्डला विचारलं, कधी निघणार? तो पेरू खात होता. “उतावळ होय तो चालता थई जाव, काका. आगळ मळी जशुं.” घाई असेल तर चालायला लागा, पुढे भेटूच. सखुबाईला हे इतकं आवडलं की पुढचा तासभर ती आप्पाला तेच ऐकवत होती.

शेतं संपून साग सुरू झाला की डब्यातली हवासुद्धा बदलते. वाघईहून जीप मिळते, पण माणसं भरल्याशिवाय हलत नाही. गावात वनरक्षकाच्या ओळखीने एका घरी मुक्काम केला. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, बांबूच्या कोंबाचं लोणचं. सुरतेच्या जेवणाच्या गप्पा मारणाऱ्या कुणालाही मी त्या डाळीसमोर बसवायला तयार आहे. घरधनी पैसे घेत नव्हता. शेवटी सखुबाईनेच घरातल्या बाईच्या हातात ते कोंबले.

सकाळी पाटीपाशी पोचलो. लाकडी, नीटस, त्यावर हिरवा पट्टा आणि ‘सोपी वाट’ गुजरातीत आणि मराठीत. मी पाटीजवळ उभा राहून फोटो काढून घेतला. तो अजून आहे, पण मी कुणाला दाखवत नाही.

पहिला दोन तृतीयांश भाग काय सांगावा! वाट एका ओढ्याच्या कडेने सावकाश चढते. मध्ये उन्हाचे कवडसे, वाळक्या सागपानांचा कुरकुर आवाज, कुठून तरी सुतारपक्ष्याची ठकठक. गावातल्या माणसांनी वळणावळणावर दगड बसवून वाट अशी बांधली होती की पावसाचं पाणी बाजूला निघून जावं आणि माती जागेवर राहावी. कुणी नकाशा दिला नव्हता त्यांना. मी कचेरीत बारा वर्षं उतार काढत होतो, पण इतका समजूतदार उतार मला कधी काढता आला नव्हता. सखुबाई पुढे चालत होती. पाय ओढत, पण पुढे. मध्येच थांबून म्हणाली, “भाऊ, तुमनी वाट खरंच सोपी शे.” मी फुगलो.

मग वळण आलं, आणि वळणापलीकडे पायऱ्या.

खडकात कोरलेल्या, गुडघ्याइतक्या उंच, उजवीकडे भिंत आणि डावीकडे नुसती हवा. एकोणीस. मोजमापाच्या वेळी मी त्या दोन उड्यांत चढून गेलो होतो आणि कागदावर त्यांची उंची सबंध वाटेच्या लांबीत वाटून टाकली होती. सरासरीत त्या विरघळून गेल्या होत्या.

सखुबाईने पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, डावा उचलायला धरायला काही मिळेना. पुन्हा प्रयत्न केला. आप्पाने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. तिसऱ्यांदा ती खाली आली आणि कडेच्या एका सपाट दगडावर बसली.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “वहिनी, एवढंच अवघड आहे. बाकी सोपीच.”

ती म्हणाली, “भाऊ, माले कठीणनं भ्याव नही. कठीण शे असं लिखेल राहतं ना, ते मी काठी लई येती. सोपी म्हना तुम्ही, म्हनीसन काठी घर ठी उनू. पहिल्यांदा.”

घराबाहेर पडताना ती कायम काठी घ्यायची, हे मला ठाऊकच नव्हतं. सोपी म्हटल्यावर तिने ती घरी ठेवली होती, नव्या साडीबरोबर शोभणार नाही म्हणून नाही, तर एकदा तिच्याशिवाय चालून बघावं म्हणून. माझी मान खाली गेली. खरंच लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

 आप्पाने सदऱ्याच्या खिशातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. ताका तपासताना जिथे दोष दिसेल तिथे काठाला लाल दोरा बांधायची त्याची रीत. त्याने एक तुकडा तोडला आणि पहिल्या पायरीजवळच्या झुडपाला बांधला.

“साहेब,” तो म्हणाला. एरवी तो मला कधी साहेब म्हणत नसे. “शंभर मीटरना ताका, नव्व्याण्णव मीटर एकदम बेस. एक जागे भोक. तो ताका कोनता नंबर?”

“दुसरा,” मी म्हणालो.

“सरासरी कोन काढस तठे? नेसनारीले भोकच दिखस.”

त्या दगडावर बसून आम्ही मग जे केलं, ते मी आधी दोन दिवसांत करायला हवं होतं. सखुबाई सांगत गेली, मी टेप लावत गेलो. तिला उठता येईल एवढा बसायचा दगड किती उंच हवा. पायरी केवढी असली तर डावा पाय येईल. कठडा कुठल्या हाताला. माझ्या टिपणात एकही माप चुकीचं नव्हतं, फक्त सगळी मापं माझ्या पायांची होती. आप्पा खाली उतरताना वाटेतल्या निसरड्या जागांनाही दोरे बांधत गेला. सगळे मिळून चार निघाले.

उतरायला लागण्याआधी सखुबाईने मला वर पिटाळलं. “जाई या, आनि काय दिखस ते सांगा.” वरून नदीचं वळण दिसतं, लांबवर कौलांची दोन गावं, आणि शांतता. मी परत येऊन सांगायला लागलो, पण दोन वाक्यांत अडकलो. ती म्हणाली, “राहू द्या. तुमले नही जमनार.”

सुरतेला परतल्यावर मी नियम नव्याने लिहिले. वाटेचा दर्जा तिच्या सगळ्यात अवघड जागेवरून ठरेल, आणि ती जागा कुठे, कशी, तिच्या आधी कुठवर सोपं आहे, हे पाटीवर लिहिलं जाईल. साहेब नाखूश झाले. कठीण वाचून लोक येणार नाहीत, म्हणाले. मोजकेच येतील, पण तयारीने येतील, असं मी म्हणालो, आणि थोड्या कुरकुरीनंतर त्यांनी ते मानलं. पायऱ्यांची उंची अर्धी करायला मात्र तेव्हा त्यांच्याकडे तरतूद नव्हती. तुम्ही गेलात तर पाटी शेवटपर्यंत वाचा, एवढंच सांगतो. डोंगर, नदी, डाळ सगळं मनात राहिलं. पण कागदावर ‘सोपी’ हा शब्द लिहिताना माझा हात आजही थबकतो.

नव्या पाटीचा मजकूर घेऊन मी एका रविवारी लिंबायतला त्यांच्या घरी गेलो. ‘सोपी’ची ‘कठीण’ केल्याने सखुबाई हिरमुसेल, अशी मला धास्ती होती. तिने कागद दाराच्या उजेडात धरला आणि अक्षर लावत मोठ्याने वाचला. ‘कठीण. वळणानंतर एकोणीस उंच पायऱ्या, कठडा नाही. त्याआधी बसायला दगड. काठी घ्यावी.’

पुन्हा एकदा वाचला. मग घडी घालून माझ्या हातात दिला.

“आते खरं लिखेल शे,” ती म्हणाली. “मंग, कधी जावानं?”