बांगड्या काढून शिकवलेला डाव

धरणगावच्या शाळेत तोताराम मास्तर मुलींना एकच डाव घोटून घोटून शिकवायचे. कुणी मनगट धरलं तर मारायचं नाही. त्याच्या अंगठ्याच्या बाजूला हात फिरवायचा आणि झटक्यात सोडवून घ्यायचा. काच लागू नये म्हणून तासाआधी सगळ्यांना बांगड्या काढायला लावायचे. त्यांची लेक द्वारका तर शाळेतल्या बाईंनाही हा डाव दाखवायची.

लग्नानंतर, चोपन्न सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, द्वारका माहेरी आली. हिरव्या बांगड्यांखाली नवऱ्याची बोटं काळीनिळी उमटलेली.

"अगं, हात का नाही सोडवलास?" मास्तर ओरडलेच.

"फिरवला की बांगड्या फुटतात, आबा. सवाशिणीनं त्या कशा फोडायच्या, ते कुठं शिकवलंत?"

आखाजी सरली. हातभर नव्या बांगड्या भरून द्वारकेला सासरी पोचवायला मास्तरच गेले.