वाडग्याखालचं नाव

गावातल्या प्रदर्शनात मला माझाच लाकडी वाडगा दिसला. घरामागच्या शेडमध्ये, लेथवर आठवडाभर खपून मी तो घडवला होता आणि माझ्या शाळेपासूनच्या मित्राला, मोहनला, वाढदिवसाला दिला होता. आता खालच्या चिठ्ठीवर कलाकार म्हणून मोहनचंच नाव होतं. तो एका बाईंना सांगत होता, "पटाशी जरा जोरात लागली, की कड फुटलीच म्हणून समजा." हे वाक्यसुद्धा माझंच.

मी जवळ गेलो.

"लाकूड कुठलं हो?" बाईंनी विचारलं.

मोहनने माझ्याकडे बघितलं. शाळेत उत्तर अडलं की तो असाच बघायचा.

"फणसाचं," मी म्हणालो.

त्याने इतकं फसवलं, तरी त्याच्या एका नजरेवर मी मदतीला धावून गेलो, याचंच दिवसभर वाईट वाटत राहिलं.