मलाही ऐकू येतं

माझा धाकटा भाऊ शिंपी. गल्लीत सगळे त्याला मास्तरच म्हणतात. हात असा, की त्याने रफू केलेली जागा त्यालाच दाखवावी लागते. आई गेली आणि तीन महिन्यांत ती त्याला दुकानाच्या माळ्यावरून हाका मारू लागली. "कापू नकोस, रक्त येईल," म्हणायची. कात्री हातात धरून हा तासन्‌तास बसून राहायचा.

आधी मी भांडले. "अरे, कुणी नाहीये तिथं! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो भरलं ताट सरकवून उठायचा. शेवटी मी माती खाल्ली. एका दुपारी म्हणाले, "हो रे, मलाही ऐकू येतं. आई म्हणतेय, जेवून घे." तो गपगुमान जेवला. मग रोजचंच झालं. आईच्या नावावर मी त्याला आंघोळीला पाठवलं, गोळ्या गिळायला लावल्या. कधीकधी मी वाक्य जुळवायच्या आधीच ते तिच्या सुरात तोंडातून निघायचं. अंगावर काटा यायचा.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा शहाण्या. वाद नाही आणि होकारही नाही. "हाक आली की फोनवर रेकॉर्ड करा, मास्तर. आपण दोघं ऐकू." आठवडेच्या आठवडे ऐकलं. मशीनची खडखड, रस्त्यावरचा हॉर्न, बस्स. हळूहळू गोळ्याही लागू पडल्या. एक दिवस घरी येऊन तो ढसाढसा रडला. "आजार आहे गं हा माझा. आई आज गेली."

माझं खोटं मी त्याला सांगितलं नाही. बहिणीने फसवून गोळ्या दिल्या हे कळलं आणि त्याने त्या फेकून दिल्या तर? सगळं मुसळ केरात.

काल त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मला स्टुलावर बसवलं आणि फोन माझ्यापुढे ठेवला.

"ताई, तुला अजून येते का हाक?"

आता खरं बोलणं भाग होतं.

"मी खोटं बोलत होते रे. तू जेवावंस म्हणून. मला कधीच काही ऐकू आलं नाही. तुझी शपथ."

तो चिडला असता तर परवडलं असतं. त्याने माझा हात हातात घेतला.

"डॉक्टरीणबाईंपुढे मीपण आधी असंच म्हणायचो," तो म्हणाला. "घाबरू नकोस. सोमवारी तुझं नाव लावलंय. मी येतो बरोबर."