असली कार्ड, नकली कार्ड

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फुलचंदशेठचं दुकान आहे. तिथे पूर्वी नवे कॉम्प्युटर मिळायचे, आता जुने मिळतात. कॉम्प्युटर बहुतेक तेच आहेत.

नूतन त्या दुकानात तिसऱ्यांदा गेली तेव्हा शेठनी काउंटरवर वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर दोन साउंड कार्डं ठेवली. एक वीतभर लांब, वर मोठ्या कंपनीचं नाव छापलेलं. दुसरं त्याच्या निम्म्यानं, हिरवंगार, आणि त्याच्यावर कुणाचंच नाव नाही.

"हे असली, हे नकली. चालू दोन्ही आहेत," शेठ म्हणाले. "पण मॅडम, एक विचारू? असले गेम आता मोबाईलवर फुकट येतात. माझा नातू दिवसभर तेच करतो. तुम्ही हा खटाटोप कशाला करताय?"

"मला त्याच कॉम्प्युटरवर हवाय. त्याच आवाजात."

"आवाज काय, आवाज असतो."

"नसतो शेठ."

शेठनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग दोन्ही घेऊन जा. लावून बघा. जे नको ते परत आणा. तुम्ही काही पळून जात नाही, आणि हे घ्यायला दुसरं कुणी येत नाही."

नूतन चव्वेचाळीस वर्षांची. गावाबाहेरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये तंत्रसहायक. एकोणीस वर्षं ती मुलांना मल्टिमीटर धरायला शिकवते आहे. पिंप्राळ्यात मदिनाआपांच्या घराच्या वरच्या मजल्यावर ती एकटी राहते. पुढची खोली, मध्ये दार, मागे स्वयंपाकघर. तिच्या लग्नाचा विषय घरात निघायचा बंद झाला त्यालाही बारा वर्षं झाली होती, आणि गेल्या वर्षी आईपाठोपाठ तिचे वडील आबाही वारल्यावर विषय काढणारं घरच उरलं नाही. धुळ्याला देवपुरातलं ते घर तिनं आणि हितेंद्रनं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, विकून टाकलं. भांडीकुंडी वाटली गेली. माळ्यावर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर निघाला तेव्हा हितेंद्र म्हणाला, "भंगारात दे." नूतननं तो एसटीच्या मागच्या सीटवर आपल्या शेजारी बसवला आणि पारोळा, एरंडोल करत जळगावला आणला. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं, आणि तिनं ते काढलंही.

हा कॉम्प्युटर घरात आला तेव्हा ती बारावीला होती आणि हितेंद्र आठवीला. आई सिव्हिल हॉस्पिटलात नर्स, तिची बहुतेक ड्युटी संध्याकाळची. त्यामुळे संध्याकाळी भाकरी नूतन टाकायची आणि हितेंद्र खेळायचा. एक छोटा शिपाई किल्ल्याच्या तळघरातून बाहेर पडायची वाट शोधतो, असा तो खेळ. नूतनची पाळी रविवारी ठरली होती. पण रविवारी आबांना कॉम्प्युटरवर टायपिंग शिकायचं असे. ते एका बोटानं शिकायचे आणि दुसऱ्या बोटानं चूक खोडायचे. नूतननं पाळी मागितली नाही, आणि कुणी दिलीही नाही. पण खेळाचा प्रत्येक आवाज तिला पाठ होता. दार उघडल्याची करकर, टपटप पडणारे थेंब, आणि एक टप्पा पार झाला की वाजणारी सहा-सात सुरांची धून. ती वाजली की तव्यावरच्या भाकरीकडे बघत नूतन मनात म्हणायची, सुटला एकदाचा.

ती धून तिला पुन्हा ऐकायची होती. एवढंच. घर गेल्यापासून ती मनात वाजत होती, पण अर्धीच. पुढचे सूर सापडत नव्हते.

मशीन तिनं तीन महिन्यांत उभं केलं. फुगलेले कपॅसिटर काढून नवे घातले, गळालेली बॅटरी बदलली. फक्त साउंड कार्डाची जागा रिकामी होती. हितेंद्रनं ते कॉलेजच्या होस्टेलवर नेलं होतं आणि तिथेच कुठेतरी हरवलं होतं. कोणतं होतं ते विचारायला तिनं त्याला फोन केला.

हितेंद्र हैदराबादला असतो. फोनवर पहिलं वाक्य तो अहिराणीत बोलतो, पुढचं साध्या मराठीत, आणि घाई झाली की इंग्रजीत.

"काय म्हनस अक्का? बठ्ठं बरं शे ना?"

"आपल्या कॉम्प्युटरमधलं साउंड कार्ड कोणतं होतं रे?"

"अक्का, मला माझ्या आत्ताच्या फोनचं मॉडेल सांगता येत नाही."

"आबा म्हणायचे, असली आहे."

"आबा सगळ्यालाच असली म्हणायचे. लूनालासुद्धा."

दोघंही हसले. मग त्याला मीटिंग लागली.

शनिवारी दुपारी नूतननं आधी असली कार्ड बसवलं. आवाज येईना. या जुन्या मशीनमध्ये प्रत्येक कार्डाला प्रोसेसरला हाक मारायचा एक नंबर द्यावा लागतो, आणि तो दुसऱ्या कुणाचा असून चालत नाही. एकाच सीटचं आरक्षण दोघांना दिल्यावर एसटीत जे होतं तेच इथे होतं. प्रिंटरचा नंबर सात होता, आणि कार्डाचाही तोच. तिनं कार्डावरची नंबर ठरवणारी प्लॅस्टिकची टिकली काढून पाचवर बसवली, मशीन पुन्हा चालू केलं, आणि स्पीकर खणखणीत बोलला.

ती खेळायला लागली. पडद्यावर तो शिपाई तिनं आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला. ती ज्यांना पाण्याचे थेंब समजत होती ती नाणी निघाली. शिपाई धावत त्यांना शिवला की टपटप वाजायचं. तिला हसू आलं. सव्वीस वर्षं तिच्या मनातलं ते तळघर गळत होतं.

दीड तासानं पहिला टप्पा पार झाला आणि धून वाजली. स्वच्छ, टोकदार, प्रत्येक सूर वेगळा. सूर तेच होते, पण ही ती धून नव्हती. ओळखीच्या माणसानं मिशी काढल्यावर जसं होतं, तसं काहीतरी.

म्हणजे आबा फसले होते, असं तिला वाटलं. असली म्हणून नकली आणलं होतं. तिनं लगेच हिरवं कार्ड बसवलं. त्याचा आवाज बसका होता, सूर जरा खाली घसरलेले, मागे बारीक खरखर. जवळ आलं, पण तेही नव्हतं. रविवारभर तिनं कार्डं काढली आणि घातली. दोन्हींची धून मोबाईलवर रेकॉर्ड करून हितेंद्रला पाठवली आणि लिहिलं, "आपलं कोणतं?"

दोन दिवस निळ्या खुणा आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"पहिलं," तो म्हणाला. "शंभर टक्के पहिलं. अगं, ऐकल्याबरोबर अंगावर काटा आला! दुसरं काय लावलंय, पिपाणी?"

"पहिलं नाही रे. इतकं टोचरं नव्हतं ते. मऊ होतं. जरा लांबून आल्यासारखं."

"मला काय सांगतेस? मी रोज समोर बसायचो."

"मीही रोज ऐकलंय."

"पण तू समोर कुठे होतीस? तू आत भाकरी टाकायचीस. मध्ये भिंत होती आपली, अठरा इंची. शिवाय तुझा स्टोव्ह भरभरायचा म्हणून मी दार लावून घ्यायचो." तो थांबला. पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "बरं ऐक, आय हॅव टु जंप, रात्री बोलू."

रात्री तो बोलला नाही. तो बोलेल असं तिनंही धरलं नव्हतं.

नूतन लॅबमधली बाई. मोजमाप कुठून घेतलं हे न लिहिता आकडा लिहिणाऱ्या पोरांच्या वह्या ती परत देते. आणि शनिवारपासून ती स्वतः तेच करत होती. ती उठली. असली कार्ड बसवलं. हा खेळ कुणी कळ दाबली नाही की थोड्या वेळानं आपला आपणच खेळून दाखवतो. तिनं तो तसा सोडला, मधलं दार लावलं आणि स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

करकर. थेंब. थेंब. मग थोडं थांबून ती धून, मऊ, गोल, कडा झिजलेली. पुढचे सूरसुद्धा आले, सगळे.

ती हलली नाही. पलीकडच्या खोलीत कुणीतरी बसलं आहे, त्याला भूक लागली आहे आणि आता ते हाक मारेल, असा तो आवाज होता. खेळ फिरून पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा तेच दार, तेच थेंब, तितक्याच वेळानं तीच धून. पाचव्या फेरीला तिला कळलं की मशीन कधी चुकत नाही, हितेंद्रसारखं रागावत नाही, कीबोर्ड आपटत नाही.

जिन्यातून मदिनाआपांचा आवाज आला. "नूतन! मेहमान आलेत का गं? कधीचं कोणीतरी वर आहे असं वाटतंय. चहाला साखर आहे ना?"

"कोणी नाही आपा. मशीन आहे."

"मग तू कुठे आहेस?"

"मी स्वयंपाकघरात."

"मशीन तिकडे खेळतंय आणि तू इकडे?" आपा म्हणाल्या. "उलटंच आहे तुझं बाई."

पुढच्या शनिवारी नूतन हिरवं कार्ड परत घेऊन गेली. शेठनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"असलीच ठेवलंत? म्हणजे त्याचा आवाज तोच आहे तर?"

"नाहीच आहे. पण मी आता समोर बसणार आहे."

शेठना काही कळलं नाही. त्यांनी हिरवं कार्ड पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं.

संध्याकाळी तिनं डाळ-तांदूळ कुकरला लावले आणि पुढच्या खोलीत येऊन खेळायला बसली. दुसऱ्या टप्प्यात एक पूल आहे, तो पायाखालून सरकतो. ती तिथे चार वेळा पडली. पाचव्यांदा पलीकडे पोहोचली. नाणी समोर होती आणि ती त्यांच्याकडे धावत असतानाच आतून कुकरची शिट्टी झाली.

तिचे हात थांबले. आपण इथे आहोत आणि स्वयंपाकघरात आवाज झाला. हितेंद्रला रोज संध्याकाळी इथून हे ऐकू येत असणार. भांडी, शिट्टी, आत कुणीतरी असल्याचं.

शिपाई पडद्यावर उभा राहून पाय आपटत होता. दुसरी शिट्टी झाली. ती तिसरीलाच गॅस बंद करते. तिसरीही झाली, आणि ती तशीच बसून चौथीची वाट बघत राहिली.