भोंग्यातलं रडणं

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. दिवसभर बाजार, पाळणे, मिठाईची दुकानं आणि मांडवात दंडार, म्हणजे आमच्याकडचं सोंगा-गाण्यांचं लोकनाट्य. मी गोंदियात एका लाऊडस्पीकरच्या दुकानात कामाला होतो. खेड्यांत तेव्हा वीज नव्हती, म्हणून भोंगा, माईक, मशीन आणि जड बॅटऱ्या बैलगाडीत घालून मी मंडयांना जायचो. माझा मित्र जवळच्याच मुर्री गावचा. घरी धानाची शेती, पण ओळख दंडारीतला गवय्या म्हणून. त्याला माईक लागतच नसे. तो गायला उभा राहिला की मी मशीनचा आवाज उतरवून ठेवायचो.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमारास त्याच्या घशात गाठ झाली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ती काढली, आणि तिच्यासोबत आवाजही काढला. गळ्याला भोक राहिलं. ते तो दुपट्ट्याने झाकायचा आणि त्यातून श्वास घ्यायचा. बोलायचं झालं तर नुसते ओठ हलवायचा. मला ते वाचायची सवय झाली. त्याच्या बायकोला झाली नाही. ती त्याच्याकडे न बघता जेवण वाढायची.

दुपारच्या वेळी तो दुकानात येऊन बसायचा. एकदा मी दुरुस्त केलेला माईक तपासत होतो. माईक भोंग्याच्या तोंडासमोर आला आणि भोंग्यातून शिट्टी वाजायला लागली. आतून मालक ओरडले, "बंद कर उसको, कान फट रहे हैं." मी बटणाकडे हात नेला, तर मित्राने मनगट धरलं. त्याने आपला तळवा माईकवर ठेवला. शिट्टी खाली उतरली, घोगरी झाली. बोटं थोडी उघडली तशी ती वर चढली. तो थांबेना. मालक बाहेर आले तेव्हा त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता, आणि त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

दंडारवाल्यांनी त्याला दोन सोंगांच्या मध्ये उभं राहू दिलं, जुन्या ओळखीपोटी. तो पांढरं धोतर अंगभर गुंडाळून यायचा आणि भोंग्यासमोर माईक घेऊन हळूहळू फिरायचा. छातीशी धरला की एक सूर, मडक्यात घातला की दुसरा, जमिनीतून आल्यासारखा. शेवटी दुपट्टा काढून माईक गळ्याच्या भोकाशी नेला की त्याचा श्वास साऱ्या मंडईवर पसरायचा. पहिल्या दिवशी लोक हसले. मग गप्प झाले. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "हे गाणं होय का बिमारी होय, बापू?"

"दोन्ही होय जी," मी म्हणालो.

काही ठिकाणी लोकांनी आम्हाला उठवून दिलं. तरी मित्राची तब्येत त्या हंगामात सुधारल्यासारखी दिसत होती. गाडीत बसल्याबसल्या तो हाताने नवीन नवीन चाली करून दाखवायचा.

सालेकशाकडच्या एका गावात खेळ संपल्यावर एक बाई मशीनजवळ आली. तिशीची असेल. म्हणाली, "मघाशी माही पोरगी रडून रायली होती. अजून एकडाव रडवा."

मला वाटलं पोर हरवली. सोबतच्या बाईने हळूच सांगितलं की तिची मुलगी देवीच्या रोगात गेली, शेवटी घसा सुजून अशीच रडायची. मित्राने माझ्याकडे बघितलं. मग माईक मडक्यात धरून तो बारीक सूर पुन्हा काढला. ती बाई खाली बसून ऐकत राहिली.

त्यानंतर ती प्रत्येक मंडईत दिसू लागली. पायी यायची, पुढे बसायची, आणि तो सूर निघाला की डोकं हलवायची, जसं आपण लेकराचं गाऱ्हाणं ऐकतो. शेवटी तिचा नवरा आम्हाला शोधत आला. कष्टाने वाळलेला माणूस. हात जोडून म्हणाला, "भाऊ, माही बायको घरी जेवत नाही. दुसऱ्या लेकराले पाजत नाही. तुमीच सांगा तिले, का हे मशीन होय म्हणून."

मी त्या बाईला बोलावलं. बॅटरी दाखवली, वायर दाखवली, भोंगा दाखवला. म्हणालो, "बाई, यात कोणी नाही. हात नेला की वाजते. तुम्हीच नेऊन बघा."

तिने माईकवर तळवा ठेवला. भोंगा रडला. हात काढला, थांबला. पुन्हा ठेवला, पुन्हा रडला. तिने वर बघितलं. तिचा चेहरा एकदम उजळला होता.

"मले वळखलं तिनं," ती म्हणाली.

मित्राने तिच्या हातातून माईक हळू काढून घेतला आणि माझ्याकडे दिला. ओठ हलवून म्हणाला, "बंद."

परतताना मी म्हटलं, "त्या गावाकडे जाऊ नये, झालं. बाकीकडे कायले बंद करतोस?"

तो बैलांकडे बघत राहिला.

त्याने ते पुन्हा केलं नाही. दुकानात यायचा, पण भोंग्याकडे पाठ करून बसायचा. उन्हाळ्यात गाठ परत आली. यावेळी नागपूरला न्यायचं म्हटलं तर त्यानेच मान हलवून नाही म्हटलं. पेरणीच्या आधी तो गेला. बायको त्याच्या उशाशी बसून होती. मला म्हणाली, "शेवटी काय बोलून रायले होते, मले समजलंच नाही." मलाही समजलं नव्हतं. ओठ फार सुकले होते.

पावसाळ्यात ती सालेकशाकडची बाई दुकानात आली. रेल्वेने आली होती, साडी चिखलाने भरलेली. तिने मित्राची चौकशी केली.

"ते वारले," मी सांगितलं.

ती पायरीवर बसली. मी पाणी दिलं, ते ती प्यायली. रस्त्याकडे बघत म्हणाली, "मंग माही पोरगी पण गेली असंन त्याच्यासंगं. एकटी कायले राहते?"

आत मालकांनी रेडिओ लावला होता, बाजारभाव चालले होते. बाईने पदर झटकला, स्टेशनचा रस्ता विचारला आणि गेली. पुढच्या दिवाळीनंतर मी त्या भागात मशीन घेऊन गेलो, तेव्हा तिचा नवरा भेटला. त्याच्या कडेवर धाकटं लेकरू होतं. ती जेवते का, मी विचारलं.

"जेवते," तो म्हणाला. "बोलत नाही."