भाकरी येत नाही म्हणाले, त्या दिवसाची गोष्ट

आबा, म्हणजे माझे वडील, न कळवता आले, तेव्हाच मला संशय आला. दसरा तोंडावर आलेला. ऊसतोडीला जायचं म्हणजे आमच्याकडं घरोघर कोयत्यांना धार लावायची घाई असते, आणि हा माणूस आष्टीकडून एसटीनं थेट माझ्या खोलीखाली उभा! बरं, एकटे नाहीत. सोबत एक गृहस्थ. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात नव्या वहाणा, हातात केळ्यांची पिशवी.

झालं. आले पाहुणे.

आमच्याकडं नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या पोराला टोळीत कोण विचारतो? म्हणून हंगामाच्या आधी लग्नांची झुंबड उडते. ताई बी.ए.ला होती तेव्हा 'आईला बरं नाही' असा फोन आला. धावत घरी गेली, तर आई चुलीपुढं ठणठणीत, आणि ओसरीवर असेच 'सहज आलेले' पाहुणे. ताई परत कॉलेजात गेलीच नाही. तिची पुस्तकं मी वापरली. त्यामुळं 'सहज' हा शब्द ऐकला की माझं डोकंच सटकतं.

मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. माजलगावच्या बाजूला कॉलेजच्या मागं सगळ्या अशाच खोल्या: खाली घरमालक, वर पोरी, कोपऱ्यावर मेस, झेरॉक्स आणि चहाची टपरी. घरमालकीणबाई पडद्याआडून बघतच होत्या. मी जिना उतरले तर हळूच म्हणाल्या, "बघायला आलेत का गं?" म्हणजे त्यांनाही वास आला होता तर!

"कावून आलात, आबा?" मी विचारलं.

"काही न्हाई. सहज."

म्हटलं, बसा आता. या स्थळाचं वाटोळं नाही केलं तर नाव नाही सांगणार.

टपरीवर चहा आला. पाहुणे माझ्याकडं निरखून बघत होते, आणि आबा नुसते कपातल्या सायीकडं.

"खोलीवर सैपाक कोण करतं, माय?" पाहुण्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. मेसचा डबा. मला भाकरी येतच नाही."

आबांना ठसका लागला. दहावीपासून अख्ख्या घराच्या भाकऱ्या मी थापते.

"वर्गात पोरं बी असत्यात?"

"एकाच टेबलावर, काका. ॲसिडच्या बाटल्या घेऊन शेजारी उभे राहतो."

"आन् सांजच्याला?"

"अभ्यासिकेत. अंधार पडल्यावर येते, एकटीच."

"सर लोक?"

"चांगले आहेत. पण त्यांचं गणित चुकलं तर मी तोंडावर सांगते."

कुणीही शहाणा सासरा इथंच उठला असता. हे मात्र मान डोलवत होते. लबाड वाटला मला माणूस. म्हटलं, हुशार सून हवी म्हणून मिरवणारा दिसतोय, लग्न झालं की हातात कोयता देणार. मग मी शेवटचं काढलं. "यानंतर पीएच.डी. करणार. पाच-सहा वर्षं घराकडं फिरकायची नाही."

"भ्या वाटत न्हाई व्हय, माय?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. खोटं तयार नव्हतं, म्हणून खरंच सांगितलं. "पहिला महिना रोज रडले. सगळे इंग्रजीत बोलायचे. मग एका मॅडमनी प्रयोगशाळेत थांबवून शिकवलं. आता नाही वाटत."

त्यांनी कप खाली ठेवला. "टोळीतल्या घरच्या पोरी अजून हायत का हितं?"

"आहेत एक-दोन. पण तुम्हाला कशाला पाहिजे?" मी चिडून म्हणाले.

"माझी लेक बी.एस्सी. झाली," ते म्हणाले. "केमिस्ट्री लई आवडती तिला. तिची आई म्हणती, यंदा सीझनच्या आधी उरकून टाकू. मी म्हणलं, थांब, आधी बघून येतो. तुझे आबा आमच्याच टोळीत. म्हणले, चला, माझी हायच तिथं." मग हसले. "भाकरी न येता बी पोरगी जगती म्हणायची. आईला तेच सांगतो."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले. नंतर त्यांना प्रयोगशाळा दाखवली, मुलींचं वसतिगृह दाखवलं, अर्ज कुठं मिळतो ते सांगितलं. प्रयोगशाळेत तर वहाणा दाराबाहेर काढून ते आत शिरले, नको म्हटलं तरी.

स्टँडवर ते तिकिटाचं विचारायला गेले, तेव्हा आबा म्हणाले, "भाकरी येत न्हाई व्हय गं?"

"मला वाटलं, पाहुणे आणले."

"पाहुणे मागंच येऊन गेले. दारातूनच सांगितलं, आमच्याकडं लग्नाची पोरगी न्हाई. कॉलेजाची हाय."

मला रडू फुटलं. आणि रागही आला, दोन्ही एकदमच. "मग ताईच्या वेळी का नाही सांगितलंत असं?"

एसटी लागली होती. आबांनी पिशवीतली उरलेली केळी माझ्या हातात दिली.

"तवा कॉलेजात जाऊन बघावं अशी टोळीत कुणाची पोरगी न्हवती, माय," म्हणाले, आणि चढले.